मागून येणारी पावलं

बॅटन त्याच्या कोपराला लागलं, उडालं आणि शेजारच्या लेनमध्ये पडून स्वतःभोवती फिरत राहिलं.

मिस्त्री धावता धावता थांबला. डावा हात अजून मागे पसरलेला होता, बोटं उघडी होती. पण मान मागे वळली होती आणि मानेबरोबर खांदाही. त्यामुळे हात जिथे असायला हवा तिथून वीतभर बाहेर गेला होता. मागून आलेली त्याची मेव्हणी त्याच्यावर आदळता आदळता वाचली. तिने गुडघ्यांवर हात टेकले आणि खाली बघत श्वास घेत राहिली. त्या संध्याकाळी बॅटन पडायची ही पहिली वेळ नव्हती.

सरांनी शिट्टी वाजवली नाही. ते गवतावरून सावकाश चालत आले. शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेला माणूस. रागावले की त्यांचा आवाज खाली जायचा, आणि त्या खालच्या आवाजालाच सगळे घाबरायचे.

"मिस्त्री, मागे काय आहे?"

"काही नाही, सर."

"मग बघता काय?"

मिस्त्रीने जाऊन बॅटन उचललं आणि शर्टाला पुसलं. ते मळलेलं नव्हतं.

पन्नाशी उलटलेल्यांची चौघांची रिले होती. पहिला टप्पा मेव्हणीचा, तिला सगळे धाकटी म्हणत. दुसरा मिस्त्रीचा, तिसरा बेकरीवालीचा आणि शेवटचा पोस्टमनचा. ट्रॅकवर पट्टी चिकटवून एक खूण केलेली असते. पळत येणारा त्या खुणेवर पोहोचेपर्यंत पुढच्याने त्याच्याकडे बघायचं. तो खुणेवर आला की मान पुढे करून सुटायचं, आणि त्यानंतर मागे बघायचं नाही. मागून हाक आली की हात मागे. बॅटन आपसूक हातात येतं. जो बघतो त्याचा वेग जातो, खांदा फिरतो, हात हलतो. शाळेतल्या पोरांनाही हे कळतं. मिस्त्रीनेही गेल्या वर्षापर्यंत कधी मागे बघितलं नव्हतं. तेव्हा पहिला टप्पा त्याची बायको पळायची.

"उद्या सकाळी स्पर्धेआधी एकदा बघतो," सर म्हणाले. "एकदाच. मान वळली तर तुमच्या जागी डॉक्टर पळतील. मला वाईट वाटेल. पण पळतील."

डॉक्टर, म्हणजे दातांचे डॉक्टर, राखीव म्हणून कडेला उभे होते. ते सभ्यपणे दुसरीकडे बघत होते.

"डॉक्टर, आत्तापासून दात काढू नका," बेकरीवाली म्हणाली. डॉक्टर हसलेही नव्हते, तरी ओशाळले. मग तिने मिस्त्रीकडे मोर्चा वळवला. आपल्या सासऱ्यांचा मानेचा पट्टा घरात नुसता पडून आहे, तो उद्या घेऊन येते, तो घालून पळा, म्हणजे मान वळवायची म्हटली तरी वळणार नाही, असं तिने सांगितलं. पोस्टमन हसला. डॉक्टरही हसले. धाकटी हसली नाही.

शेवटी सरांनी सगळ्यांना गवतावर चार पायांवर चालायला लावलं. यंत्रावर पळणारा माणूस कुठेच पोहोचत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा व्यायाम म्हणजे रांगणं, कठड्यावरून तोल सांभाळत चालणं, एकमेकांना पाठीवर घेऊन जाणं, आणि अनवाणी, थोड्याच अंतरात पण सगळा जीव लावून पळणं. लहान मूल जे न शिकवता करतं आणि आपण खुर्चीत बसून जे विसरलो, ते सगळं. मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करायचा. आयुष्यभर वाकून त्याची पाठ धनुष्यासारखी झाली होती, तेव्हा बायकोने त्याला हाताला धरून या मैदानावर आणलं होतं. पाठ सरळ झाली. आणि आपण जोरात पळू शकतो, हे त्याला इतक्या उशिरा कळलं की पहिले काही आठवडे तो दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटला होता.

रांगत असताना सर धाकटीपाशी थांबले. ती आणि तिची बहीण, दोघीही त्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनी.

"तुझं काय चाललंय? पाय लांब टाकतेस हल्ली. तुझे पाय असे नाहीत."

"गुडघा दुखतो जरा, सर."

"दुखणारच. दुसऱ्याचे पाय उसने घेऊन पळता येत नाही."

मिस्त्रीच्या कानावर ते पडलं. पण त्याची मान खाली होती आणि डोक्यात डॉक्टरांचे नवे कोरे बूट होते. त्याचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही.

मैदानापासून चौकापर्यंत तो आणि धाकटी रोज बरोबर चालत जायचे. तिथून ती प्राण्यांच्या दवाखान्यात जायची, तिची संध्याकाळची पाळी असायची. त्या दिवशी ती त्याच्या दोन पावलं पुढे चालत होती. दुकानांची शटर अर्धी खाली आलेली होती. एका माणसाने पाण्याची बादली रस्त्यावर रिकामी केली, तेव्हा तिला थांबावं लागलं आणि मिस्त्री तिच्या बरोबरीने आला.

तिने मग बोलायला सुरुवात केली. आधी गुडघ्याबद्दल, मग दवाखान्यात आलेल्या एका चावऱ्या कुत्र्याबद्दल, आणि मग तिचा आवाज बदलला. भाऊजी, तुमचा माझ्यावर भरवसा नाही, हे सगळ्यांना दिसतंय, ती म्हणाली. ताई होती तेव्हा तुम्ही डोळे झाकून हात मागे करायचात. मी येतेय म्हटल्यावर तुम्हाला बघावं लागतं, की ही पोहोचतेय की नाही. बेकरीवाली थट्टा करते, पण तिलाही तेच वाटतं. डॉक्टर पळोत, चालेल. पण तुमची जागा माझ्यामुळे गेली असं आयुष्यभर मला ऐकावं लागेल.

"तसं नाही," मिस्त्री म्हणाला.

"मग कसं आहे?"

मिस्त्री रस्त्यावरचं पाणी चुकवत चालायला लागला.

"मी काय कमी केलं सांगा ना," धाकटी म्हणाली. "ताईसारखं पळायला शिकले मी. बेकरीवालीच्या फोनवर ताईचं पळणं आहे, ते लावून लावून बघितलं. पाय लांब टाकायचा, उजवा जोरात आपटायचा. हाकही तिच्यासारखीच देते. तुम्हाला सवय मोडायला लागू नये म्हणून. एवढं करूनसुद्धा तुम्ही मान वळवता."

मिस्त्री जागच्या जागी उभा राहिला. एक सायकलवाला घंटी वाजवत त्याला वळसा घालून गेला.

"गुडघा शेकून घे," तो शेवटी म्हणाला.

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. मग चौकातून उजवीकडे वळून निघून गेली.

दुकानात एक जुनी मशीन उघडून ठेवलेली होती. शिवणकाम करणारी एक बाई सकाळीच ठेवून गेली होती. सुई तुटते, सुई बदलून द्या, असं तिचं म्हणणं होतं. मिस्त्रीने चाक हाताने एकदा फिरवलं, कान जवळ नेला आणि त्याला कळलं की सुईचा दोष नाही, खालचा शटल सैल झालाय. तो स्क्रू आवळायला बसला. त्याच्या सगळ्या कामात डोळ्यांपेक्षा कानच जास्त लागायचे. कानाने त्याला कधी फसवलं नव्हतं. म्हणून तर त्याने ट्रॅकवरही कानावर विश्वास ठेवला होता.

खुणेपर्यंत त्याला धाकटी दिसायची. तिचा निळा शर्ट, कापलेले केस, घट्ट आवळलेला जबडा. त्यात काही घोटाळा नव्हता. मग तो मान पुढे करायचा, आणि मागून यायला लागायचं ते पाऊल. एक हलकं, एक जड. एक हलकं, एक जड. त्याच्या बायकोचा उजवा घोटा फार पूर्वी मोडला होता, तेव्हापासून तिचा उजवा पाय जरा जास्त वाजायचा. जिन्यात, स्वयंपाकघरात, मोरीत, सगळीकडे. शेवटी दवाखान्यात ती पलंगावरून उतरेनाशी झाली, तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर बसून त्याने कितीतरी जणांची पावलं ऐकली. त्यातलं एकही तसं नव्हतं. आणि वर्षभराने ट्रॅकवर ते पाऊल पाठीमागून आलं, वाढत गेलं, अगदी जवळ आलं, आणि हाक आली, "घे!" मान त्याला विचारून वळत नव्हती.

सख्ख्या बहिणी आहेत, चाल सारखी असणारच, असं तो स्वतःला सांगत आला होता.

घे हा शब्द सरांचा. चौघांत कुणी वयाने मोठं, कुणी नात्याने, पण पळताना अहो-जाहो करायला वेळ कुठे आहे, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना एकच हाक ठरवून दिली होती. ट्रॅकवर घे. बाहेर गेल्यावर एकमेकांना काय म्हणायचं ते म्हणा. त्याच्या बायकोला ते पहिल्या दिवशी जमलंच नाही. ती नुसतीच पळत आली आणि तिने बॅटन त्याच्या पाठीत खुपसलं. दुसऱ्या दिवशी मात्र जमलं. सगळ्या संसारात तिने त्याला एकेरी हाक मारली ती तेवढीच, तेवढ्याच जागेत, त्याची पाठ असताना. मैदानाच्या फाटकातून बाहेर पडलं की पुन्हा अहो. घरीही तसंच म्हण ना, असं त्याने एकदा सुचवून बघितलं होतं. तोंडाकडे बघून जीभ वळत नाही, असं म्हणून ती हसत आत गेली होती.

मिस्त्रीने स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला. चाक फिरेना. त्याला तो पुन्हा सैल करावा लागला.

सांगायचं तर धाकटीला एक वाक्य पुरेसं होतं. तू तुझी पळ. पण ते वाक्य बोललं की ते पाऊल गेलं. नाही बोललं, तर उद्या जागा गेली, आणि जागा गेली की मग पाऊलही गेलंच. डॉक्टरांच्या पाठीमागे ते येणार आणि आपण गवतावर बसून ऐकणार. तिसरी वाट म्हणजे मान आवरायची. त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि हात मागे केला. मान सरळ राहिली. भिंतीसमोर कुणाचीही राहील. त्याने हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या मैदानावर गर्दी होती. भोंग्यातून नावं पुकारली जात होती आणि ती भोंग्याजवळच्या माणसालाही कळत नव्हती. सगळीकडे मलमाचा वास. मुख्य ट्रॅकच्या मागे सरावासाठी गवताचा एक पट्टा सोडला होता, तिथे वेगवेगळ्या संघांची माणसं पाय झटकत, उड्या मारत फिरत होती. पोस्टमन गवतावर पालथा पडून हातापायांवर पुढेमागे सरकत होता आणि दुसऱ्या संघातले दोघे त्याच्याकडे बघून हसत होते. सर अजून आले नव्हते. ते संघांच्या बैठकीत अडकले होते.

मिस्त्रीने काहीच ठरवलं नव्हतं.

धाकटी कोपऱ्यातल्या बाकावर बसलेली दिसली. तिने उजवी पँट वर केली होती आणि गुडघ्याला पट्टा गुंडाळत होती. गुडघा सुजून गोल झाला होता, हाड दिसत नव्हतं. पट्ट्याचा प्रत्येक वेढा ओढताना ती ओठ आत घेत होती. मिस्त्री जवळ येताना दिसल्यावर तिने पँट घाईने खाली केली.

उजवाच गुडघा. उजवा पाय जोरात आपटायचा, असं ती काल म्हणाली होती.

तो तिच्यासमोर उभा राहिला. हातात खुणेसाठीच्या पट्टीचं रीळ होतं, ते त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"धाकटे, आज तुझ्या पायांनी पळ."

"म्हणजे?"

"बारीक, भराभर. पूर्वी पळायचीस तशी. आणि मला घे म्हणू नकोस."

तिने मान वर केली. कालचा राग अजून तिच्या चेहऱ्यावर होता, पण तो जागचा हलला होता.

"भाऊजी, तुम्ही मान का वळवता?"

मिस्त्रीने रिळाचं टोक नखाने शोधायला सुरुवात केली. ते सापडत नव्हतं.

"ती ऐकू येते म्हणून," तो म्हणाला.

धाकटीने खाली वाकून पँट पुन्हा वर केली आणि गुडघ्यावरचा पट्टा सगळा सोडवला. तो गुंडाळून नीट बाकावर ठेवला. उभी राहिली, जागच्या जागी पाय आपटून बघितले, आधी लांब, मग आखूड.

"माझे पाय जास्त भराभर पडतात," ती हळू म्हणाली. "मी ताईपेक्षा लवकर पोहोचेन. खूण चुकेल आपली."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळी खूण उसन्या पायांवर मोजलेली होती. खूण होती तिथेच ठेवली तर ती त्याच्या पाठीवर येऊन आदळेल. फार मागे नेली तर तो आधीच सुटेल आणि बॅटन द्यायची हद्द संपेपर्यंत ती त्याला गाठू शकणार नाही. दोन्हीत संघ बाद. एकदा पळून बघितलं असतं तर कळलं असतं. पण तेवढ्यात भोंगा खरखरला, पोस्टमन उठून हात हलवायला लागला, आणि सर मुख्य मैदानाच्या बाजूने जवळजवळ पळतच आले.

स्पर्धेची वेळ अलीकडे आणली होती. त्यांची फेरी लगेच होती.

सरांनी चौघांकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टर बाकावर बसून बुटाची नाडी बांधायला लागले होते.

"बघायला वेळ नाही," सर म्हणाले. आवाज खालचा होता. "मिस्त्री, खरं सांगा. मान वळेल?"

"माहीत नाही, सर."

"हे काय उत्तर झालं?"

"आज मागून वेगळं माणूस येणार आहे," मिस्त्री म्हणाला. "अजून एकदाही ऐकलेलं नाही."

सरांना त्यातलं किती कळलं ते कळायला मार्ग नव्हता. ते धाकटीकडे वळले. तिच्या पायांकडे बघितलं, बाकावरच्या पट्ट्याकडे बघितलं. नंतर डॉक्टरांना म्हणाले, नाडी सोडा. आणि मिस्त्रीला म्हणाले, जा. आज वळली तर उद्याच्या फायनलला मला विचारायलाही येऊ नका.

मिस्त्री त्याच्या जागेवर पोहोचला तेव्हा आजूबाजूच्या लेनमधले लोक आपापल्या खुणा चिकटवून मोकळे झाले होते. तो नेहमीच्या अंतरावर उकिडवा बसला. रोज एवढ्यावर पट्टी असायची. तो मागे सरकला. धाकटी एकटी शर्यतीत पळायची ते दिवस त्याने आठवून बघितले; बायको आणि तो गवतावर बसून बघायचे. बायको म्हणायची, बघा, कसे टाके घालत चाललीये. तो आणखी मागे सरकला. पट्टी धरली, सोडली, परत धरली. पंच त्याच्याकडे बघून हाताने घाई करत होते. त्याने डोळ्यांच्या अंदाजाने अजून एक पाऊलभर मागे जाऊन पट्टी चिकटवली आणि अंगठ्याने जोर देऊन दाबली. आता बदलता येणार नव्हतं.

तो उठून आपल्या जागी येऊन वाकला. शेजारच्या लेनमधला टकला माणूस त्याला काहीतरी चांगलं म्हणाला. मिस्त्रीने मान हलवली.

गोळी सुटली.

वळणावरून सगळे एकदम आले आणि त्यांच्यात निळा शर्ट दिसला. ती त्याच्या ओळखीची नव्हती. हनुवटी वर, कोपर अंगाला चिकटलेले, पाय इतके भराभर की वेगळे दिसत नव्हते. ती आतल्या लेनमधल्या बाईला मागे टाकत होती. पट्टी अजून दूर आहे असं त्याला वाटलं आणि तेवढ्यात ती पट्टीवर होती.

तो सुटला. जरासा उशीर झाला, हे त्याला पहिल्याच पावलाला कळलं.

मान पुढे. समोर लांब सरळ लेन, दोन पांढऱ्या रेघा, टोकाला मान वळवून त्याच्याकडे बघणारी बेकरीवाली अगदी छोटी. पाठीमागे पावलं. हलकी, सगळी सारखी. त्यात जड असं काहीच नव्हतं. मशीनवर बारीक टाका लावला की येतो तसा एकसारखा आवाज, आणि तो वाढत होता. त्याने त्या आवाजाखाली कान देऊन बघितलं. खाली काही नव्हतं. तेव्हा मान वळायला आली. याआधी ती वळायची कारण मागे कुणीतरी आहे असं वाटायचं. आता मागे कुणी नाही म्हणून वळत होती. एकदा बघून खात्री करून घ्यावी, एवढंच. मानेची शीर ताणली गेली. त्याने दात आवळले आणि समोरच्या रेघेवर डोळे लावून ठेवले, रेघ हलायला लागली तरी.

"घ्या!"

आवाज अगदी कानाशी आला, घोगरा, घाईतला. त्याने हात मागे केला.

बॅटन तळव्यात आपटलं. त्याने मूठ मिटली आणि पळाला.

त्यानंतर त्याला आठवत राहिलं ते फक्त पायाखालचं. सर म्हणायचे तसं, लहान मूल पळतं तसं, कुणी पाठीला लागलेलं नाही आणि कुठे पोहोचायचं नाही. छातीत जाळ झाला. टकला माणूस मागे पडला का पुढे गेला ते त्याला कळलं नाही. बेकरीवाली सुटली, तिची रुंद पाठ समोर आली, आणि हाक द्यायची वेळ झाली. हाक त्याची होती. इतकी वर्षं तो ती दर वेळी देत आला होता.

"घे!" तो ओरडला.

तिने न बघता हात मागे केला आणि बॅटन घेऊन गेली.

तो आपल्या लेनमध्ये चालत चालत थांबला. हात कमरेवर, तोंड उघडं. लांब दुसऱ्या टोकाला ओरडाआरडा झाला, पोस्टमन हात वर करून गोल गोल फिरताना दिसला, आणि बेकरीवाली वळणावरूनच किंचाळत त्याच्याकडे पळत सुटली, बॅटन हातात असताना पळाली नसेल तितक्या जोरात. ते फायनलला गेले होते. शेवटच्या जागेवरून, पण गेले होते.

सर गवत ओलांडून आले. त्यांनी मिस्त्रीच्या मानेकडे निरखून बघितलं, जणू तिथे काही लिहिलेलं आहे.

"दुखते का?"

"नाही, सर."

"उद्या हाच क्रम," सर म्हणाले आणि पोस्टमनकडे गेले.

धाकटी वळणाच्या आतल्या बाजूला गवतात बसली होती. तिने बूट काढून शेजारी ठेवले होते. इतरांसारखी ती पोस्टमनकडे गेली नव्हती. मिस्त्री गेला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

"काल मी तुम्हाला खोटं सांगितलं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमच्यासाठी शिकले म्हणून." तिने गवताची एक काडी उपटली, तिचे दोन तुकडे केले. "सुरुवातीला तसंच होतं. पण मग पळताना माझ्या पायात ताई असायची. सरांनी कितीदा सांगितलं, सोड, गुडघा जाईल. सोडवत नव्हतं. आज गोळी सुटली आणि कुणीच नव्हतं, भाऊजी. नुसती मीच."

मिस्त्रीने पाय लांब केले. ट्रॅकवर पुढच्या फेरीची माणसं येऊन उभी राहात होती, कुणी खुणा चिकटवत होतं, कुणी जुन्या काढून टाकत होतं. एका पंचाने वाकून त्याच्या लेनमधली पट्टीही खरडून काढली आणि चुरगळून खिशात घातली.

काहीतरी बोलायला हवं होतं. त्याला त्याच्या कामातलंच सुचलं.

"उद्या खूण अजून मागे घेऊ," तो म्हणाला. "फार लवकर पोहोचलीस तू. माझ्या पाठीवरच चढणार होतीस."

धाकटीने मनगटाने नाक पुसलं.

"मी वेळेवरच आले," ती म्हणाली. "तुम्ही उशिरा सुटलात."

मिस्त्रीने थोडा विचार केला.

"हो," तो म्हणाला.